सगळी मुळं एका बाजूला

९ जानेवारी २०२५

आजपासून मागच्या खोलीत काम सुरू. टेबलाले खिळ्यांची फळी पक्की ठोकून घेतली. लाकडावर बोटभर लांब पोलादी खिळे उभे, दाट, टोकदार. केसांचा झुपका त्यावर आपटायचा अन् ओढायचा, आपटायचा अन् ओढायचा, तेव्हा कुठं गुंता सुटते. लोक म्हणते टोप बनवणं नाजूक काम आहे. नाजूक कायचं, कसायाचं आहे.

मी हे मामाजवळ शिकली. मामा गोंदियाकडे झाडीपट्टीच्या नाटकांचे टोप बनवत. पंधराव्या वर्षी मले डोळे मिटून केस ओळखता येत होते. लग्न करून इकडे मध्यप्रदेशात बालाघाटले आली तं नवऱ्यानं, वीरेंद्रच्या बाबानं, म्हणजे गुणाकररावानं, पहिल्याच दिवशी सांगतलं की दुसऱ्याचे झडलेले केस या घरात येणार नाई. नाई आले. चौतीस वर्षं नाई आले. आता त्यायले जाऊन दोन वर्षं झाली. ते बैठकीत फोटोत आहेत अन् केस मागच्या खोलीत आहेत. भांडण मिटलं.

वीरेंद्र म्हणे, आई, साठीले टेकली अन् आता लोकायचे केस विंचरशीन काय. मी म्हटलं, तू भरवेलीच्या खदानीत खोदते, मी इथं खोदते. हसला. माहं पोरगं हसलं की हुबेहूब बापावानी दिसते. सून श्रुतिकानं खोली झाडून देल्ली, खुंट्या ठोकून देल्ल्या. लय मुकी पोर आहे. माहेर हट्टा गावचं. लग्नाले तीन वर्षं झाली, पण तिचं एक वाक्य मले पूर्ण ऐकू आलं असन तं शपथ.

केस धुवाले अन् मोकळे कराले चंपाबाईले ठेवलं. तोंडाची फटकळ आहे. चालन, मीही आहे.

१६ जानेवारी

केसवाला सायकलवर पहिली थैली टाकून गेला. गावोगाव बाया विंचरलेले केस भिंतीच्या फटीत खोचून ठेवते अन् त्याच्या बदल्यात गंज-पातेलं नाई तं डबा घेते. थैली उघडली तं काय बाप्पा, उंदराचं घर. विंचरून झडलेला केस कसाही पडते, एकाचं मूळ इकडे, दुसऱ्याचं तिकडे. तसाच टोपात बांधला तं दुसऱ्या दिवशी जटा. म्हणून एक एक केस चिमटीत धरून अंगठ्यानं चोळायचा. चोळला की तो आपोआप मुळाच्या बाजूनं सरकते. मग सगळी मुळं एका बाजूला लावायची. डोळे जाते, मान जाते, दिवस जाते.

चंपाबाईले वाटत होतं की केस म्हणजे दोरा, इथून तिथून सारखा. मी तिले एका बाईचाच केस देल्ला, म्हटलं चोळून पाह्य. टोक बारीक, मधे भरलेला, मुळाशी पुन्हा हलका. कानाजवळचा लवीवानी, टाळूवरचा तारेवानी, मानेवरचा मऊ. एका डोक्यावर दहा जाती. ती म्हणे, ताई, तुमच्या बोटाले डोळे आहेत काय. मी म्हटलं, माही बोटं कधी खोटं बोलत नाईत. श्रुतिका दारात उभी होती, ऐकत होती.

दुपारी तीच एक डबा घेऊन आली. आत पुड्या. रोजचं पान फाडायचं कॅलेंडर असते ना, त्या पानांत तिनं आपले केस बांधून ठेवले आहेत. ज्या दिवशीचे केस त्या दिवशीचं पान. पार लग्नापासूनचे. हळूच म्हणे, आई, तुम्ही पाह्यजा.

मी दोन-चार उघडल्या अन् खूषच झाली. काही पुड्यांत साधे गुंते होते, पण काहींत झुपकाच्या झुपका अन् सगळी मुळं एका बाजूला. निवडाची गरजच नाई, तयार माल. एवढी व्यवस्थित पोर मी पाह्यली नाई. माही पद्धत अशी की प्रत्येक झुपक्याले चिठ्ठी बांधायची, लांबी, जाडी, आकार, शेरा. तिच्यासाठी वेगळी चिठ्ठी कशाले, त्याच कॅलेंडरच्या पानामागं लिहिलं. १२ सप्टेंबर: सोळा इंच, जाड, सरळ, सगळी मुळं एका बाजूला, शाबास.

तिले वाचून दाखवलं. तिनं माह्याकडे पाह्यलं अन् पाह्यतच राह्यली. कौतुकाची सवय नसन.

२ फेब्रुवारी

पहिली गिऱ्हाईक. आमच्याच गल्लीच्या टोकाले राहते त्या संघमित्राबाई, शाळेत शिकवते. कॅन्सरच्या औषधानं सगळे केस गेले. आता पुन्हा उगवून राह्यले पण कुरळे. बाई म्हणे, माहे केस जन्मभर सुईवानी सरळ, हे कोणाचे केस माह्या डोक्यावर आले. मी हात लावून पाह्यला. टोकाले अगदी बारीक, मुळाकडे जाड होत चालले, अन् प्रत्येक केसाले पीळ. म्हटलं, घाबरू नका. मुळाले मार बसला की केस आपला आकार बदलते. वर्ष दोन वर्षांत सरळ येईन.

त्यायले धीर यावा म्हणून मी माही मान दाखवली. माहेही केस सरळ आहेत, पण मानेच्या वर डाव्या बाजूले रुपयाएवढ्या जागेत तारेवानी वाकडे येते. सव्वीस वर्षांची असताना मोरीत दगडावर पडली होती, तेव्हापासून. ते सरळ झालेच नाई. संघमित्राबाईनं विचारलं, दगडावर पडून एवढ्याच जागचे केस गेले? मी म्हटलं, हौ, दगडच तसा होता.

त्या पोरीले पण पाह्यत होत्या, श्रुतिकाले. ती चहा देऊन ओढणी डोक्यावर घेऊन गेली. बाई म्हणे, घरातल्या घरात डोक्यावर ओढणी? मी म्हटलं, संस्कार आहेत.

१९ फेब्रुवारी

वीरेंद्र तिसरी पाळी करून सकाळी सातले येते. झोप नाई, डोकं तापलेलं. आज पोह्यात मीठ जास्त झालं तं ताट भिंतीवर मारलं. स्टीलचं ताट, त्याले पोचा पडला, भिंतीचा गिलावा निघाला. मग त्यायच्या खोलीचं दार लागलं. मग कपाटाले काही धडकल्याचा आवाज. एकदा, दोनदा, अन् थोड्या वेळानं तिसऱ्यांदा.

मी ब्लोअर चालू केला. ओले केस वाळवाचेच होते.

खरं लिहू काय? सगळे केस वाळले होते. पण नवरा-बायकोच्या मधे सासूनं पडू नये. माही सासू कधी पडली नाई. बाहेर ओसरीत बसून तांदूळ निवडत राहे.

ब्लोअर बंद केला तं घर शांत. श्रुतिका नऊले बाहेर आली, ओठ फुटला होता. म्हणे, कपाटाचं दार लागलं. त्या कपाटाच्या कड्या मी सुताराकडून काढून घेईन.

५ मार्च

संघमित्राबाईचा टोप अर्धा झाला. आज एक नवल पाह्यलं, लिहून ठेवते.

श्रुतिकाचा कालच निघालेला एक लांब केस हाती घेतला, मुळापासून टोकापर्यंत चिमटीतून सोडत गेली. तीन इंचावर बोटाले खळगा लागला. केस तिथं एकदम बारीक, जणू कोणी कंबर आवळली. पुढं पुन्हा भरला. सात इंचावर दुसरी कंबर. दुसरा केस घेतला, तिसरा घेतला, सगळ्यांत तीच जागा. मामा सांगत, टायफॉइडवाल्याच्या केसात असं सापडते. शरीरावर मोठं संकट आलं की त्या दिवसांत मुळातून केस बारीकच निघते, अन् मग ती खूण केसासोबत वर सरकत जाते. महिन्याले अर्धा इंच.

मी हिशेब लावला, मजा म्हणून. तीन इंच म्हणजे सहा महिने. सप्टेंबर. गणपतीतच तं तिचं पोट गेलं, तिसरा महिना होता. माहेरी गेलती, हट्ट्याले जुन्या विहिरीच्या, बावलीच्या, पायऱ्यावरून घसरली, असं वीरेंद्रनं फोनवर सांगतलं होतं. सात इंच म्हणजे मागच्या वर्षीची संक्रांत. तेव्हा तिची अक्कलदाढ सुजली होती, जबडा उघडत नव्हता, पंधरा दिवस दलिया पिऊन होती. बरोबर जुळलं. काय विद्या आहे माह्या मामाची, डॉक्टर काय सांगन.

तिले बोलावून सांगतलं. दोन्ही खुणा तिच्या बोटाखाली दिल्या. ती रडाले लागली. मी म्हटलं, अवो, पोट पुन्हा राहीन, रडू नको. तर तिनं विचारलं, "आई, केसाले काहून झालं हे कळते काय, का फक्त कधी झालं तेवढंच?"

मी म्हटलं, फक्त कधी. काहून ते माणसानं सांगावं लागते. तिनं तो केस परत पुडीत बांधला अन् गेली.

२१ मार्च

चंपाबाईले काढून टाकलं.

झालं असं. श्रुतिकानं काल नवीन पुडी देल्ली, १९ मार्च. झुपका मोठा, करंगळीएवढा जाड. मी चिठ्ठी लिहून राह्यली होती तं चंपाबाईनं तो उजेडात धरला. म्हणे, विंचरून झडलेल्या केसाचं मूळ खसखशीच्या दाण्यावानी राहते, कोरडं, गोल. अन् याले पाहा, ओली साल चिकटून वाळली आहे. काहींले रक्त आहे. अन् झडलेला केस कधी एका बाजूनं पडते काय? मूठ भरून ओढला तंच सगळी मुळं एका बाजूला येते.

"ताई, हे झडले नाईत. हे उपटले आहेत. तुमच्या घरात."

माहा हात उठला. तिच्या कानफटात बसली, चांगली जोरात, तिच्या हातातला कंगवा खाली पडला. माह्या घरात येऊन, माह्या मजुरीवर, माह्या पोराले बोलते. मले मूळ ओळखता येत नाई काय? ती जन्मली नव्हती तेव्हापासून येते.

ती रडली नाई. कंगवा उचलून टेबलावर ठेवला. श्रुतिका दारात होती. तिनं मले तिले मारताना पाह्यलं. माहा तळहात अजून चुरचुरते.

२२ मार्च

डोळे दुखते. एकही पुडी उघडली नाई.

१० एप्रिल

भावाची पोरगी ईरा, तिचं लग्न गोंदियाले, ४ मे. सगळा गोतावळा येणार. आज श्रुतिकाले न्हाणीतून येताना पाह्यलं तं टाळूच्या मागं तळहाताएवढी जागा उघडी. काही ठिकाणी चकचकीत, काही ठिकाणी नवीन केस, एक-दीड इंचाचे, बारीक अन् कुरळे. हिचे केस तं सरळ आहेत.

मी हात लावला तं ती आक्रसली, डोकं खांद्यात घातलं. म्हटलं, थायरॉइड असन, पाणी खराब असन. शाम्पू बदल. ती हौ म्हणाली.

पण ईराच्या लग्नात हे घेऊन जाता येणार नाई, माह्या भावजयीचं तोंड मले माहीत आहे. मग विचार आला, माल तं घरातच आहे. तिच्याच केसांचा पट्टा बनवावा, उघडी जागा झाकणारा. रंग तोच, जाडी तीच, कोणाले सापडणार नाई. वीरेंद्रले सांगतलं तं तो खूष. म्हणे, हे बरं केलं आई, लोक नाई तं काहीही बोलते. मले मिठी मारली. किती वर्षांनी.

२७ एप्रिल

पट्टा झाला. जन्मात असं काम केलं नाई. तिच्या सगळ्या पुड्या सोडल्या, एकेचाळीस झुपके असे निघाले ज्यायले निवडाचीच गरज पडली नाई. हूकसुईनं जाळीत दोन दोन केस गाठवत गेली. जागेप्रमाणे जात लावली, मधे जाड, कडेले बारीक. आतून तीन क्लिपा. कॅलेंडरची पानं माह्या हाताची लिहिलेली, ती टाकवली नाई, डब्यात ठेवून देल्ली.

काम करता करता मन कुठंही जाते. सहज पानं तारखेनं लावली. पहिल्या वर्षी दोन. दुसऱ्या वर्षी अकरा. मग बाकीची. वाढते आहे, असं मनात आलं. मग दूध उतू गेलं तं उठली.

चंपाबाई बोलली ते डोक्यातून जात नाई. कोणाजवळ बोलू? फोटोजवळ बोलली तं ते म्हणाले असते, गप बस.

श्रुतिकाच्या डोक्याले पट्टा लावला. आरशात तिनं स्वतःले पाह्यलं. मी म्हटलं, कसा आहे? तिनं विचारलं, "सगळे वापरले काय? एकही नाई ठेवला?" मी म्हटलं, एक केस वाया जाऊ देल्ला नाई. तिचं तोंड पांढरं पडलं. वेडी आहे पोर, कधी काय आवडन सांगता येत नाई.

५ मे

गोंदियाहून आलो. पट्ट्याले सगळे फसले. भावजय म्हणे, सुनेचे केस काय दाट आहेत, काय लावते. ईराच्या नवऱ्याचा भाऊ जेवण वाढताना श्रुतिकाले म्हणाला, वहिनी, जाहिरातीत काम करा. सगळे हसले, तीही हसली. वीरेंद्र हसला नाई. बसमधे पूर्ण रस्ताभर त्याचा गुडघा हलत होता. तो गुडघा मले माहीत आहे. गुणाकररावाचाही हलत असे.

६ मे

आजच लिहिते, नाई तं उद्या मीच दुसरं काही सांगीन.

सकाळी सवासातले वीरेंद्र आला. जोडेही काढले नाई. श्रुतिका माह्याजवळ मागच्या खोलीत होती, पट्टा धुवाचा म्हणून मी बोलावलं होतं, तो अजून तिच्या डोक्यावरच होता, त्याच्याच केसांची वेणी होती. तो आला अन् म्हणाला, जाहिरातीत काम करशीन? तिनं काही म्हणाच्या आत त्यानं तिचं डोकं दारावर मारलं. मग पोटात गुडघा. ती वाकली तं वेणीले धरलं, हाताले दोन वेढे देल्ले अन् ओढलं. रोजच्यावानी. त्याच्या हाताले ते इतकं सवयीचं होतं की मले ते पहिल्यांदा कळलं, त्याच्या हातावरून.

क्लिपा तटातट उघडल्या. पूर्ण पट्टा वेणीसकट त्याच्या मुठीत आला. तो आपल्याच जोरानं मागं कपाटावर गेला अन् हातातल्या केसाकडे पाह्यत राह्यला. तेवढ्यात श्रुतिका निघाली. अनवाणी, उघड्या डोक्यानं, गल्लीत. मागं वळून पाह्यलं नाई.

अन् मी काय म्हटलं ते लिहायची लाज वाटते. मी म्हटलं, पट्टा तोडू नको, माह्या हातचा आहे. हे म्हटलं मी. सून रक्तबंबाळ होऊन रस्त्यावर पळून राह्यली अन् मी हे म्हटलं.

तो माह्याकडे वळला. मले म्हणाला, तूच शिकवलं तिले नटाले. माह्या मानेमागं हात घातला, डाव्या बाजूले, बरोबर त्या रुपयाएवढ्या जागी, अन् मूठ आवळली.

"बाबाले माहीत होतं तुले कुठून धराचं. मी पाह्यत होतो, आई. दरवेळी पलंगाखालून पाह्यत होतो."

मी पलंगाखाली कधी पाह्यलंच नाई. इतकी वर्षं मले वाटत होतं की पोरगं झोपलं राहे.

मोरीत दगड नव्हता. मोरी सिमेंटची होती. मी दगडावर पडली नव्हती.

त्यानं ओढलं. डोळ्यासमोर अंधार आला. त्याचा दुसरा हात टेबलावर टेकला होता, खिळ्यांच्या फळीच्या बाजूले. मी तो मनगटाले दोन्ही हातांनी धरला, वर घेतला अन् फळीवर आपटला. जसा झुपका आपटते तसा. मग सगळं अंग टाकून दाबला. तो ओरडला, तान्हा असताना ओरडत होता तसा. मूठ सुटली. मी दाबतच राह्यली. खिळे मागून निघाले ते मी पाह्यले अन् तरी दाबतच राह्यली. माह्या पोटचं पोर आहे ते. मी किती वेळ दाबला मले माहीत नाई.

गल्लीतले लोक आले, त्यायनं सोडवलं.

७ मे

जेवली नाई. फळी धुतली.

९ मे

श्रुतिका संघमित्राबाईकडे आहे. त्या दिवशी पळून तिथंच गेली. डोक्याले सहा टाके, एक बरगडी मोडली. वीरेंद्र दवाखान्यात, बाहेर शिपाई बसवला आहे. दोन बोटं वळणार नाईत म्हणे.

ठाण्यात गेली. पोलीसवाली मॅडम पोरसवदा होती, हिंदीत बोलली. म्हणे, तुमची सून सांगते तीन वर्षांपासून मारते, पण कुठं रिपोर्ट नाई, दवाखान्याचा कागद नाई. मुलगा म्हणते पहिल्यांदा हात उठला, तोही आईनं भडकावलं म्हणून. आपने कुछ देखा है माताजी?

काय पाह्यलं? मी ब्लोअर चालू करत होती. मी काहीच पाह्यलं नाई.

मी पिशवीतून पट्टा काढला. मग डबा काढला. एकेचाळीस पानं टेबलावर तारखेनं लावली, जशी घरी लावली होती. मॅडमनं एक उचललं, पुढून छापलेली तारीख, मागून माहं अक्षर. तिले मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचलं. १५ जानेवारी, सतरा इंच, सगळी मुळं एका बाजूला, शाबास. १२ सप्टेंबर, सोळा इंच, सगळी मुळं एका बाजूला, शाबास. तिनं विचारलं, याचा मतलब? मी सांगतलं. केस झडले की कसे पडते, मूठ भरून ओढले की कसे येते, मुळाची साल कशी राहते. पट्टा उलटा करून गाठीपाशी उरलेली मुळं दाखवली. ती म्हणे, हे तुम्हाले केव्हापासून माहीत होतं?

मी म्हटलं, पंधराव्या वर्षापासून.

तिनं लिहिलं. मी सगळी पानं वाचली, एकेचाळीस वेळा शाबास म्हटलं. शिपाई उठून बाहेर गेला.

११ मे

श्रुतिकाले भेटली. डोकं पूर्ण भादरलेलं, टाके दिसत होते. मी पायरीवरच बसली, आत जाण्याची हिंमत नाई झाली. तीच बाहेर येऊन बसली. मी विचारलं, तोंडानं काहून नाई सांगतलं?

"सांगतलं असतं तं तुम्ही ऐकलं असतं काय? तुम्ही म्हणत होत्या, माही बोटं खोटं बोलत नाईत. म्हणून बोटाले सांगतलं."

मग म्हणे, गणपतीत मी हट्ट्याले गेलीच नव्हती, आई. मी इथंच होती, तुम्ही भावाकडे गेल्या होत्या. बस, एवढंच. तिनं अजूनही मले आई म्हटलं, अन् मी तिथंच ढसाढसा रडली.

१ जून

वीरेंद्रले जामीन नाई भेटला. परवा कोर्टात दुरून पाह्यलं, हात गळ्यात बांधलेला. त्यानं मान फिरवली. माही कूस जळते अन् मी पुन्हा तेच करीन, दोन्ही खरं आहे. रोज सकाळी सातले उठून बसते, त्याच्या गाडीचा आवाज ऐकत.

श्रुतिका माहेरी जाणार होती, गेली नाई. संघमित्राबाईकडेच खोली घेतली, म्हणे कोर्टाच्या तारखा इथंच आहेत. रोज दुपारी मागच्या खोलीत कामाले येते. चंपाबाईच्या घरी मी जाऊन पाय धरले. तिनं सांगतलं, कामावर येईन, पण बोलणं बंद ठेवणार नाई. आता दिवसभर बोलते.

श्रुतिकाच्या डोक्यावर केस येऊन राह्यले, गव्हाच्या दाण्याएवढे. काही सरळ, काही वाकडे. ती विचारते, सारखे होतीन काय? मी म्हटलं, मले माहीत नाई.

आज आंघोळ करून तिच्यासमोर पाठ करून बसली. म्हटलं, मानेवरचे ते वाकडे केस कापून दे. तिनं कापले. कॅलेंडरचं आजचं पान फाडलं अन् त्यात बांधले. मागं लिहाले बसली तं वाटलं, तारीख चुकीची आहे, हे आजचे नाईत. मग आजची खोडून बरोबरची लिहिली. मले तारीख पक्की आठवते, वीरेंद्र दीड वर्षाचा होता.

१९ ऑगस्ट १९९१. लांबी दोन इंच. जाड, वाकडे. गुणाकरनं उपटले. शेरा: मी पडली नव्हती.

श्रुतिकानं ते वाचलं अन् पुडी डब्यात सगळ्यात खाली ठेवली, सगळ्यात जुन्या तारखेच्या जागी.